बार्शीची कुपी, बोईसरचा ताप

सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९७३ साली तापाची मोठी साथ आली होती. ताप काही दिवसांत उतरायचा, पण सांधे असे धरायचे की माणसाला उठता-बसता यायचे नाही. तो चिकनगुनिया होता. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी तिथून विषाणू वेगळा केला, कुपीत बंद केला, गाव आणि साल यांची नोंद केली आणि कुपी अतिथंड कपाटात ठेवून दिली. साथ ओसरली. पुढची तीसेक वर्षे चिकनगुनियाची मोठी साथ आपल्याकडे आलीच नाही. माझ्या पिढीच्या डॉक्टरांनी हा आजार वैद्यकीय महाविद्यालयात परीक्षेपुरता, चार ओळींत वाचला.

२००५ च्या अखेरीस चिकनगुनियाने पुन्हा डोके वर काढले. २००६ या एका वर्षात देशभरात सुमारे १४ लाख संशयित रुग्णांची नोंद झाली. ज्यांनी ते वर्ष पाहिले त्यांना भिंत धरून चालणारी, सकाळी मूठ मिटता न येणारी माणसे आठवत असतील. जुना आजार परतला, असेच सगळे म्हणत होते. पुण्याच्या त्याच संस्थेने, जिला आता आपण राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणजेच एनआयव्ही म्हणून ओळखतो, आपले थंड कपाट उघडले. १९६३ सालचा कोलकात्याचा विषाणू, १९७३ चा बार्शीचा, २००० साली पुणे जिल्ह्यातल्या यवत इथल्या डासांत सापडलेला आणि नव्या साथीतले विषाणू, यांचे जनुकक्रम शेजारी-शेजारी मांडले. कोलकाता आणि बार्शी इथले विषाणू आशियाई वंशाचे निघाले. यवतचा आणि २००६ चा मात्र आफ्रिकी वंशाचा. म्हणजे जुना पाहुणा परतला नव्हता, वेगळाच आला होता. त्याच्या वंशाचा एक विषाणू साथीच्या निदान पाच वर्षे आधी पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या एका गावात पोहोचलेला होता आणि तिथे साथ नसल्याने रुग्णालयांना त्याचा पत्ताही नव्हता.

विषाणूचा वंश कोणता, याने रुग्णाला काय फरक पडतो, असे कुणी विचारेल. गोळ्या त्याच, विश्रांती तीच. पण साथ कशी रोखायची यात फरक पडतो. आफ्रिकी वंशाच्या या विषाणूत पुढे एक छोटा बदल झाला. त्यामुळे तो एडिस अल्बोपिक्टस या डासात सहज वाढू लागला. केरळमध्ये २००७ च्या साथीत हा बदल आढळला. आशियाई वंशाच्या विषाणूला त्याच्या रचनेमुळे हा फायदा उठवता येत नाही, असे नंतरच्या प्रयोगांत दिसले. एडिस इजिप्ती हा डास घरातल्या पिंपात, कूलरमध्ये, फुलदाणीत वाढतो. अल्बोपिक्टस बागेत, झाडाच्या ढोलीत, नारळाच्या करवंटीत वाढतो. डहाणू-घोलवडच्या चिकूच्या वाड्या आणि बोईसरच्या चाळींतली पाण्याची पिंपे हे दोन्ही ज्या जिल्ह्यात आहेत, तिथे कुठला डास मारायचा हे ठरवायला विषाणूची ओळख उपयोगी पडते.

पण ही ओळख पटवतात कशी? त्यासाठी पोथीचे उदाहरण घेऊ. ज्ञानेश्वरी जवळपास तीनशे वर्षे हाताने नकलून लिहिली जात होती. नकलणाऱ्याच्या हातून एखादे अक्षर चुकायचे, पुढचा नकलकार ती चूक तशीच उतरवून घ्यायचा आणि त्यात स्वतःची एक भर घालायचा. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली ती या पाठभेदांमुळेच. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी १२५९ हस्तलिखिते वापरली. दोन पोथ्यांत एकाच ओळीत एकच चूक सापडली, तर त्या बहुधा एकाच प्रतीवरून उतरलेल्या असतात. विषाणूंचे अभ्यासक हेच करतात. चिकनगुनियाची पोथी सुमारे बारा हजार अक्षरांची आहे. रुग्णाच्या शरीरात तिच्या अगणित नकला होतात आणि नकलताना चुका होतात. कुठली चूक कुणाकडे आहे हे ताडून पाहिले की वंशावळ मांडता येते.

या चुका साधारण ठरावीक वेगाने साठतात, त्यामुळे वंशावळीला घड्याळही जोडता येते. पोलिओच्या विषाणूत हा वेग वर्षाला सुमारे एक टक्का आहे. मुंबईच्या सांडपाण्यात २००१ पासून पोलिओचा शोध घेतला जातो. तिथे सापडलेला विषाणू आधीच्या विषाणूपासून किती बदलला आहे हे मोजून, तो किती काळ नजरेआड फिरत होता याचा अंदाज बांधता येतो. एनआयव्हीनेच माकडतापाच्या १९५७ ते २००६ या काळातल्या ४८ विषाणूंचे जनुकक्रम तपासले आणि त्यांचा समान पूर्वज १९४२ च्या सुमाराचा असावा, असा अंदाज मांडला. हाच माकडताप २०१६ पासून आपल्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग-बांदा परिसरात माणसांचे बळी घेतो आहे.

पण घड्याळ लावायला तारीख लिहिलेली पोथी लागते. जितकी पोथी जुनी तितके घड्याळ अचूक. इथेच प्राचीन डीएनएचे शास्त्र कामाला येते. हाडांत आणि दातांत माणसाच्या डीएनएबरोबर त्याच्या रक्तात फिरणाऱ्या जंतूंचेही तुकडे अडकून राहतात. स्वान्ते पाबो यांना या शास्त्रासाठी २०२२ चे नोबेल मिळाले. उत्तर युरोपातल्या व्हायकिंग काळातल्या सांगाड्यांत देवीचा विषाणू सापडला. तो इसवी सनाच्या सहाव्या-सातव्या शतकापर्यंत मागे जातो आणि विसाव्या शतकातल्या देवीच्या विषाणूपेक्षा वेगळ्या, आता नष्ट झालेल्या शाखेचा आहे. हेपटायटिस बी, म्हणजे आमच्याकडे रक्तदानाच्या वेळी किंवा गरोदरपणाच्या तपासणीत अचानक उघडकीस येणारी कावीळ, माणसाबरोबर निदान दहा हजार वर्षे आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या विषाणूचे १३७ प्राचीन जनुकक्रम एकत्र मांडले गेले.

हे दोन्ही डीएनए असलेले विषाणू आहेत. डेंग्यू, चिकनगुनिया, गोवर, फ्लू, कोरोना हे आरएनएचे. आरएनए फार नाजूक असतो आणि जुन्या हाडांत तो मिळण्याची आशा फारशी नसते. त्यांच्यासाठी दुसरे भांडार आहे, ते म्हणजे रुग्णालयांची जुनी संग्रहालये. १९१२ साली बर्लिनमध्ये गोवरानंतरच्या न्यूमोनियाने दगावलेल्या दोन वर्षांच्या मुलीचे फुप्फुस फॉर्मालिनच्या बरणीत ठेवलेले होते. त्यातून २०२० मध्ये गोवराचा जनुकक्रम मिळाला. गुरांच्या बुळकांडीच्या विषाणूपासून गोवर वेगळा झाला तो काळ इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाइतका जुना असू शकतो, हे त्यावरून मांडता आले. १९१८ च्या फ्लूचा विषाणू अमेरिकी सैनिकांच्या मेणात बसवलेल्या फुप्फुसाच्या तुकड्यांतून आणि अलास्काच्या गोठलेल्या जमिनीत पुरलेल्या एका स्त्रीच्या शरीरातून मिळाला. त्या फ्लूने भारतात एक कोटीहून अधिक माणसे नेली आणि तो सर्वांत आधी मुंबई बंदरात उतरला. आपल्या जुन्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या विकृतिशास्त्र विभागांत आजही मागच्या शतकातल्या बरण्या आणि मेणाचे ठोकळे आहेत. काहींवरच्या चिठ्ठ्या पुसट झाल्या आहेत, काही जागेअभावी टाकून दिले जातात. तिथली एक यादी नीट करणे हेसुद्धा संशोधन आहे आणि त्याला महागडे यंत्र लागत नाही.

आता जमिनीकडे वळू. आपल्या हवामानात प्राचीन डीएनए मिळणे अवघड, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. न्यूझीलंडमधल्या मोआ पक्ष्यांच्या हाडांवरून असा हिशेब निघाला की, सुमारे १३ अंश तापमानात ५२१ वर्षांत डीएनएचे निम्मे दुवे तुटतात. आपल्या किनाऱ्यावरचे सरासरी तापमान याच्या दुपटीच्या आसपास आहे, शिवाय दमट हवा आणि चार महिने मुरणारे पाणी. हरियाणातल्या राखीगढी इथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांनी साठाहून अधिक सांगाड्यांचे नमुने तपासले. वापरण्याजोगा डीएनए मिळाला तो फक्त एका स्त्रीचा. तो अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. कोकणात तर दहनाची परंपरा आणि हाडे विरघळवणारी माती अशी दुहेरी अडचण आहे. नालासोपाऱ्याचा स्तूप १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी उकरला. सोपारा हे एके काळी समुद्रापलीकडच्या देशांशी व्यापार करणारे बंदर होते. जहाजांबरोबर तिथे कुठले ताप उतरले असतील, हा प्रश्न मनात येतोच. पण सोपाऱ्याच्या जमिनीतून त्याचे उत्तर लवकर मिळेल, असे कुणी सांगत असेल तर सावधपणे ऐकावे.

देशावरची स्थिती थोडी बरी आहे. शिरूरजवळ घोड नदीकाठच्या इनामगावात १९६८ पासून झालेल्या उत्खननात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची दोनशेहून अधिक दफने मिळाली. लहान मुलांना दोन रांजणांची तोंडे जुळवून घराच्या जमिनीखाली पुरलेले होते. एवढी मुले कशाने गेली? दातांवरून आणि हाडांवरून कुपोषणाच्या खुणा वाचता येतात, पण साथीचा ताप हाडावर खूण सोडत नाही. कानामागच्या कठीण हाडात आणि दातांवरच्या किटणात डीएनए टिकण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. म्हणून नव्या उत्खननात हातमोजे घालून, सांगाडा न धुता, आधी हे भाग वेगळे काढून ठेवण्याची पद्धत रुजते आहे. आज यंत्र तयार नसले तरी चालेल, हाड मात्र हाताळून खराब झालेले नसावे.

जुन्या संसर्गांच्या खुणा जमिनीतच नाही, आपल्या शरीरातही आहेत. आपल्या जनुकसंचाचा सुमारे आठ टक्के भाग लाखो वर्षांपूर्वी शिरलेल्या विषाणूंचे अवशेष आहेत. त्यांतल्याच एका जनुकाच्या मदतीने गर्भाची वार तयार होते. कोरोनाचा आजार तीव्र होण्याचा धोका वाढवणारा एक जनुकीय भाग निअँडरथल मानवाकडून आपल्याकडे आला आहे, असे पाबो आणि झेबर्ग यांनी २०२० मध्ये दाखवले. दक्षिण आशियात जवळपास निम्म्या लोकांत तो आढळतो, युरोपात सुमारे १६ टक्के लोकांत. आमच्या जव्हार-मोखाड्याकडच्या पाड्यांवर आढळणारा सिकलसेल हाही अशाच जुन्या लढाईचा अवशेष आहे. हे जनुक आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच आले तर ते मलेरियापासून बचाव करते, दोघांकडून आले तर आजार देते.

मग पालघर-बोईसरकडे या शास्त्रासाठी काय आहे? माझ्या मते बरेच काही आहे. एका बाजूला तारापूरची औद्योगिक वसाहत, जिथे देशाच्या अनेक राज्यांतून कामगार येतात, गावी जातात, परततात. दुसऱ्या बाजूला सह्याद्रीच्या उतारावरची जंगले, भाताची खाचरे, गुरे, उंदीर, गोचिडी. मधून पश्चिम रेल्वे आणि मुंबई-अहमदाबाद महामार्ग. विषाणूंची ये-जा ज्या वाटांनी होते त्या सगळ्या वाटा इथे एकमेकींना छेदतात. २०२२ च्या जुलैत पालघर जिल्ह्यात झिकाचा पहिला रुग्ण तलासरी तालुक्यात, गुजरातच्या सीमेलगत आढळला. राज्यातला पहिला रुग्ण त्याच्या वर्षभर आधी पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला होता. पण झिका खरेच तेव्हाच आला का? पुण्याच्या केंद्राने १९५२ साली सुरू केलेल्या रक्ततपासणीत १९६ जणांपैकी ३३ जणांच्या रक्तद्रवात झिकाविरुद्धची प्रतिपिंडे दिसली होती. डेंग्यूसारख्या जवळच्या विषाणूंमुळेही तसे दिसू शकते, म्हणून तो पुरावा पक्का नाही. तेव्हाचा विषाणूच जपलेला असता, तर हा वाद उरला नसता.

नेमके हेच नुकसान आपण दर पावसाळ्यात करून घेतो. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात जुलै-ऑगस्टमध्ये तापाचे रुग्ण रांगेने असतात. मलेरियाची काचपट्टी, डेंग्यूची किट, लेप्टोची तपासणी होते. सगळे नकारात्मक आले की केसपेपरवर ‘विषाणूजन्य ताप’ असे लिहिले जाते. रुग्ण बहुतेक वेळा बरा होतो आणि उरलेले रक्त टाकून दिले जाते. पुढच्या साथीच्या वेळी ज्या कुपीची गरज लागणार असते, ती अशी दर आठवड्याला कचऱ्यात जाते. प्रत्येक रुग्णाचे रक्त साठवणे शक्य नाही, आवश्यकही नाही. पण दर आठवड्याला ठरावीक केंद्रांतून, निदान न झालेल्या तापाचे मोजके नमुने, रुग्णाच्या संमतीने जपता येतात. वीज जाण्याची भीती असेल तर गाळणकागदावर वाळवलेला रक्ताचा थेंब काही दिवस टिकतो आणि टपालानेही पाठवता येतो. सोबत हव्यात फक्त चार गोष्टी : गाव, तारीख, तापाचा दिवस आणि गेल्या पंधरवड्यातला प्रवास. या चार नोंदींशिवाय नमुना म्हणजे शके नसलेली पोथी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र डहाणूला आहे, एनआयव्ही पुण्यात आहे. मधला दुवा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या प्रयोगशाळा तंत्रज्ञाने आणि वैद्यकीय अधिकाऱ्याने जोडायचा आहे.

यात एक अट मात्र पाळलीच पाहिजे. पाड्यावरच्या माणसाचे रक्त घेतले, तर कशासाठी घेतले हे त्याला त्याच्या बोलीत सांगितले पाहिजे आणि निष्कर्ष त्याच्यापर्यंत परत पोहोचला पाहिजे. नमुने नेले, अहवाल आलाच नाही, हा अनुभव मी एकाहून अधिक वेळा घेतला आहे. पुढच्या वेळी त्याच पाड्यावर कुणी दंड पुढे करत नाही आणि त्यांचे चुकते असे मला वाटत नाही. हाच नियम मृतांच्या अस्थींनाही लागू आहे. कुठल्याही समाजाच्या पूर्वजांची हाडे उकरण्याआधी त्या समाजाशी बोलले पाहिजे.

पालघरच्या दांडेकर महाविद्यालयात किंवा बोईसरच्या आसपास विज्ञान शिकणारी मुले-मुली मला विचारतात की, या क्षेत्रात जायचे तर परदेशी जावे लागते का? तशी गरज नाही. सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान किंवा प्राणिशास्त्राच्या पदवीनंतर विषाणूविज्ञानातली एमएससी पुण्यात एनआयव्हीमध्येच करता येते. पुरातत्त्वाची ओढ असेल तर डेक्कन कॉलेज आहे. प्राचीन डीएनएवर लखनौची बिरबल साहनी संस्था आणि हैदराबादची सीसीएमबी काम करतात. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन परिषदेची अल्पकालीन शिष्यवृत्ती आहे. दोन महिन्यांचा एखादा प्रकल्प आपल्याच रुग्णालयातल्या तापाच्या नोंदींवर करता येतो. आणि ज्यांना गणित, संगणक आवडतो त्यांना तर दारे सताड उघडी आहेत, कारण जगभरातल्या विषाणूंचे लाखो जनुकक्रम सार्वजनिक संग्रहांत मोफत उपलब्ध आहेत. ते ताडून वंशावळ मांडायला साधा संगणक आणि चिकाटी पुरते.

वाचकांसाठी शेवटी एवढेच. ताप आला की अंगावर काढू नका. डेंग्यू-चिकनगुनियासारखे विषाणू रक्तात सापडतात ते साधारण पहिल्या पाच दिवसांत. त्यानंतर उरतात फक्त प्रतिपिंडे आणि त्यांवरून आजार कळला तरी विषाणूचा वंश कळत नाही. ताप कुठल्या दिवशी चढला ते लिहून ठेवा, कुठे जाऊन आलात ते डॉक्टरांना आपणहून सांगा. संशोधनासाठी रक्ताचे दोन थेंब मागितले तर आधी प्रश्न विचारा आणि उत्तर पटले तर द्या. बार्शीतल्या त्या साथीचे मोल तेहतीस वर्षांनी सगळ्या देशाला कळले. आज बोईसरमध्ये नीट नोंद करून ठेवलेल्या कुपीचे मोल कळायला कदाचित तेवढाही वेळ लागणार नाही.